उसनं झबलं

कुंदाकाकूंच्या झबल्याला नंबर लावावा लागतो. बोरिवलीच्या आमोद सोसायटीत पाण्यावरून भांडणं होतात, पार्किंगवरून होतात, गच्चीवर कुणी कुणाच्या पापडाशेजारी गादी वाळत घातली यावरूनही होतात. झबल्यावरून मात्र कुणी भांडत नाही. भांडणाऱ्याचा नंबर शेवटी जातो आणि पोटातलं मूल काही काकूंच्या सोयीने थांबत नाही.

झबलं तसं बघण्यासारखं नाहीच. पिवळट पडलेली मलमल, पुढे तीन बंद, त्यातला एक मागाहून लावलेला. पण काकूंच्या चैतन्यने जन्मल्याजन्मल्या ते घातलं होतं, आणि चैतन्य बालवाडीपासून पहिला येत आज पवईच्या आयआयटीत इंजिनिअरिंग शिकतो. नुसतं इंजिनिअरिंग नाही, पवईला. हा शब्द काकू असा उच्चारतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, तिथे तलावाकाठी ऋषींच्या पर्णकुट्याच आहेत. बाळाला पहिलं झबलं नवं घालायचं नसतं. चांगल्या निघालेल्या मुलाचं जुनं, उसनं आणायचं, म्हणजे त्याचा गुण लागतो, ही रीत सगळ्यांनाच ठाऊक. मग पवईचा गुण कुणाला नकोय? आजवर नऊ पोरं त्या झबल्यातून पार पडली होती. त्यातलं एक बुद्धिबळ खेळतं, एकीला स्कॉलरशिप मिळाली. ही जमेची बाजू. ए विंगमधल्या एकाने नववी दोनदा केली. पण त्याच्या आईने झबलं हाताने न धुता मशीनमध्ये टाकलं होतं, असं काकूंनी चौकशीअंती जाहीर केलं आणि झबल्याच्या नावाला बट्टा लागला नाही.

दहावा नंबर अबोलीचा होता. म्हणजे लावला तिच्या सासूने, शुभाताईंनी, तोही अबोलीची उलट्यांची तक्रार सुरू होण्याआधी. कुंदाकाकू स्वतः झबलं घेऊन आल्या, चांदीच्या ताटातून, वर रुमाल झाकून. शुभाताईंनी ताटाला हळदकुंकू वाहिलं. अबोलीचा नवरा अनय सोफ्यावर क्रिकेट बघत होता, त्याला पाय खाली घ्यायला सांगण्यात आलं.

अबोली अंधेरीला एका ऑफिसात ऑडिटचं काम करते. दुसऱ्यांच्या हिशेबात कुठे पाणी मुरतंय ते शोधायची सवय, आणि आता बाळंतपणाची सुट्टी. त्यामुळे तपासायला उरलं घर आणि सोसायटी. तिच्या एक गोष्ट लक्षात आली होती. शुभाताईंनी पुरणपोळ्या पाठवल्या, की काकूंकडून दुसऱ्या दिवशी डबा परत यायचा, रिकामा कधीच नाही. पण आतला जिन्नस नेहमी पुरणपोळीपेक्षा दोन बोटं कमी मोलाचा. खोबऱ्याची वडी, फार तर शंकरपाळे. भांडण नाही, बोलणं गोड, आणि परतफेड अशी काट्यावर तोललेली. एवढा चोख व्यवहार ज्या दोन शेजारणींत चालतो, तिथे कुठेतरी जुनी थकबाकी असते, असं अबोलीचा अनुभव सांगत होता. पण पोट इतकं पुढे आलं होतं, की दुसऱ्याच्या भानगडीत वाकून बघणं तिला शब्दशः जमत नव्हतं.

तिचा खरा जीव लागला होता तो शनिवारच्या वर्गात. जवळच्याच एका प्रसूतिगृहात गरोदर बायकांसाठी वर्ग चालायचा. श्वास कसा घ्यायचा, कळ कशी ओळखायची, लंगोट कसा बांधायचा. तिथे तिची यव्होनशी गाठ पडली. यव्होन गोराईची. डॉक्टर बोरिवलीत, घर खाडीपलीकडे, आणि मध्ये फेरीबोट.

‘‘रात्री कळा आल्या तर काय करायचं, सांग,’’ यव्होन पहिल्याच दिवशी म्हणाली. ‘‘बोट बंद. गाडीने भाईंदरचा वळसा. पोरगं अर्ध्या रस्त्यातच बाहेर येऊन मलाच विचारेल, ममा, अजून किती लांब?’’ म्हणून शेवटच्या महिन्यात ती बोरिवलीतच, आयसी कॉलनीत मावशीकडे येऊन राहिली होती. तिचा नवरा कीथ मढला शूटिंगवाल्यांना जनरेटर पुरवायचा. रविवारी यायचा, मावशीच्या हातचं जेवायचा आणि बायकोचे पाय चेपताचेपता झोपून जायचा.

वर्गात तिसरी मैत्रीण सुगंधा. ही आमोदमधलीच, बी विंगची. शांत, हसली तर ओठांच्या एकाच कोपऱ्याने. तिची याआधी दोन गरोदरपणं अर्ध्यावर मोडली होती, एक पाचव्या महिन्यात, एक सातव्यात. या खेपेला नववा लागला होता, डॉक्टर म्हणत होते सगळं झकास आहे, पण सुगंधा त्यांच्याकडे असं बघायची, जसं आपण हवामान खात्याकडे बघतो. लंगोट बांधायला वर्ग घेणाऱ्या बाई प्लास्टिकची बाहुली द्यायच्या. यव्होनने तिला असा आवळून लंगोट बांधला, की बाहुलीचा पाय निखळला. सुगंधाने बाहुलीला हात लावला नाही.

एका शनिवारी बाईंनी सगळ्यांना हॉस्पिटलची बॅग भरून आणायला सांगितली. अबोलीच्या बॅगेला शुभाताईंचा हात लागलेला; त्यातून ओव्याची पुरचुंडी, बाळगुटीचं सामान आणि विक्सच्या दोन डब्या निघाल्या. यव्होनच्या बॅगेत तिचे कपडे कमी आणि खाणं जास्त. सुगंधाच्या बॅगेत एक गाऊन, टूथब्रश आणि डॉक्टरची फाइल.

‘‘आणि बाळाचं?’’ बाईंनी विचारलं.

‘‘बघू,’’ सुगंधा म्हणाली.

बाहेर पडल्यावर यव्होनने तिला रसवंतीच्या बाकावर बसवलं. ‘‘बघू म्हणजे काय गं? पोरगं बाहेर आल्यावर टॉवेलमध्ये गुंडाळणार? वडापावसारखं?’’

‘‘विकत काही आणणार नाही मी,’’ सुगंधा म्हणाली. ‘‘मागच्या वेळी सगळं आणलं होतं. सातव्यातच. नंतर जयवंत ते परत द्यायला दुकानात गेला, तर दुकानदाराने विचारलं, साइज चुकली का?’’

रसाचं यंत्र घरघरत राहिलं. यव्होनने आपला अर्धा रस तिच्या ग्लासात ओतला.

‘‘कुणी उसनं दिलं, तर घेईन,’’ सुगंधा पुढे म्हणाली. ‘‘म्हटलं, दुसरीचं हसतं-खेळतं मूल ज्यात वाढलं, ते एक जरी घरात आलं, तरी मला धीर येईल. कुंदाकाकूंकडे सहाव्यात जाऊन मागितलं. म्हणाल्या, धुवायला टाकलंय. मग गेले तर म्हणाल्या, इस्त्रीला दिलंय.’’

‘‘बापरे, एवढुशा झबल्याची तीन महिने इस्त्री?’’ यव्होन म्हणाली. ‘‘आमच्या बिशपच्या झग्याला नाही लागत!’’

काकू एकट्याच नव्हत्या. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं, सगळे कपडे बोहारणीला दिले. तिसरीचे गावी होते. खरं कारण कुणीच बोललं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. यव्होनने ते रसाच्या ग्लासाबरोबर बाकावर ठेवलं. ‘‘त्यांना वाटतं, तुझं नशीब त्यांच्या पोरांच्या कपड्यांना चिकटेल. माझ्याकडे असतं तर आत्ता दिलं असतं गं, पण आमच्याकडे पोरगं मोठं झालं की कपडे चर्चच्या पेटीत. राहतो तो फक्त बाप्तिस्म्याचा गाऊन. तो चार फूट लांब. त्यात तुझं बाळ सापडायचं नाही.’’

सुगंधा ओठांच्या एका कोपऱ्याने हसली. अबोलीने मात्र ग्लासात मान घातली. कारण पवईचं झबलं इस्त्रीला नव्हतं. तिच्याच कपाटात, डांबरगोळ्यांशेजारी होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शुभाताई भजनाला गेल्यावर अबोलीने झबलं दुपट्ट्यात गुंडाळलं आणि बी विंग गाठली. यव्होनही तिथेच होती. सुगंधाने गुंडाळी उघडली, मलमलीवरून बोट फिरवलं आणि घडी घालून परत दिली.

‘‘त्यांनी मला नाही म्हटलंय, अबोली. लपवून घेतलेल्या वस्तूचा कसला गुण लागणार?’’

‘‘मग मागूनच घेऊ,’’ यव्होन उठत म्हणाली. उठायला तिला भिंत, टेबल आणि अबोली अशा तिघांचा आधार लागला. ‘‘चला. तीन पोटांना नाही म्हणायला हिंमत लागते.’’

अबोलीने झबलं पुन्हा दुपट्ट्यात गुंडाळलं. घरात ती कधी कुणाला उलट बोलली नव्हती. काकूंना दुखवलं, की सासूला कळणार, सासूला कळलं की बाळंतपणाचे चाळीस दिवस त्याची उजळणी होणार. हा सगळा खर्च तिने मनात मांडून पाहिला. मग सुगंधाची ती टूथब्रश आणि फाइलवाली बॅग आठवली, आणि ती निघाली.

काकूंनी दार उघडलं, तिघींना बघितलं, अबोलीच्या हातातली गुंडाळी बघितली आणि तोंडभर हसल्या. त्यांचं असं हसणं म्हणजे दार लावायच्या आधीची पायरी. पण यव्होन तोवर आत शिरून सोफ्यावर बसली होती. तिच्यामागून अबोली आणि सुगंधा. काकूंचा सोफा जुना, खोल, बसणाऱ्याला पोटात घेणारा. तिघी बसल्या आणि आत, आत, गुडघे हनुवटीला येईपर्यंत रुतत गेल्या.

‘‘काकू, सुगंधाला झबलं हवंय,’’ अबोली म्हणाली. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

‘‘अगं पण ते तुला दिलंय ना? एकाच महिन्यात दोघींना कसं? आणि मला आत्ता बाहेर जायचंय. तुम्ही असं करा, पुढच्या आठवड्यात...’’

‘‘जाऊ की,’’ यव्होन म्हणाली. ‘‘उठवा.’’

काकूंनी यव्होनचा हात धरून ओढलं. यव्होन जागची हलली नाही, काकूच निम्म्या सोफ्यात आल्या. मग अबोलीला ओढून पाहिलं. शेवटी काकू घाम पुसत समोरच्या खुर्चीत बसल्या. तिघी नवव्या महिन्यातल्या बायका स्वतःहून उठू शकत नाहीत आणि घरात एकटी बाई त्यांना उठवू शकत नाही, म्हणजे चर्चा होणं भागच होतं.

‘‘हिला नाही देता येणार,’’ काकू म्हणाल्या.

‘‘का?’’

‘‘नाही देता येणार म्हटलं ना.’’

सुगंधा खाली बघत होती. आणि तेव्हा अबोलीला ऑफिसातला प्रश्न सुचला. एखादी वस्तू कुठे गेली हे कळत नसेल, तर ती आली कुठून ते विचारायचं.

‘‘काकू, चैतन्यला पहिलं झबलं कुणाचं घातलं होतं?’’

‘‘म्हणजे? हेच की.’’

‘‘हो, पण पहिलं झबलं उसनं असतं. मग हे तुम्ही कुणाकडून आणलंत?’’

काकूंनी पदर सारखा केला. ‘‘इंदूरच्या बहिणीकडून. तिच्या मुलाचं.’’

‘‘तुम्हाला बहीण नाही, काकू. तुम्ही तीन भावांची एकटी बहीण. दर राखीला सांगता.’’

खाली कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं आणि तिचं यंत्र केविलवाणं गाणं म्हणत होतं. ते थांबेपर्यंत काकू थांबल्या.

‘‘दुकानातून आणलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दादरहून. कोरं करकरीत.’’

‘‘काय सांगता!’’ यव्होन म्हणाली.

‘‘चैतन्यच्या आधी माझंही एक गेलं होतं. सहाव्यात. पुढच्या वेळी झबलं मागायला गेले, तर कुणी देईना. हिच्या सासूकडे अनयचं होतं. मला म्हणाली, माळ्यावर ठेवलंय आणि शिडी सापडत नाही. सहा फूट लांबीची शिडी, दोन खोल्यांचं घर, आणि सापडत नाही! मग मी आणलं विकत. पाच वेळा उकळलं, दगडावर घासलं, चहाच्या पाण्यात बुडवलं, पिवळं दिसावं म्हणून. आणि सासूबाईंना सांगितलं, इंदूरच्या बहिणीचं. त्यांना तरी कुठे माझ्या बहिणी मोजायच्या होत्या.’’

अबोलीला खोबऱ्याच्या वड्यांचा अर्थ एकदम लागला.

‘‘मग मला का नाही?’’ सुगंधाने पहिल्यांदाच मान वर केली. ‘‘तुम्हाला तर माहीत होतं, कसं वाटतं ते.’’

‘‘म्हणून तर!’’ काकू जवळजवळ ओरडल्या. ‘‘बाकीच्यांचं काय गं? धडधाकट बाया. त्यांना फडकं दिलं असतं तरी सगळं नीटच होणार होतं. मिरवायला हवं होतं, मी मिरवायला दिलं. तू तशी मागायला आली नव्हतीस. तू आलीस ते डोळ्यांत जीव आणून. तुला मी खोटं देऊ? उद्या काही कमीजास्त झालं असतं, तर मी तोंड कुठे लपवलं असतं?’’

सोफ्याच्या मधल्या खड्ड्यातून एक आवाज आला. आधी वाटलं, सुगंधा रडते आहे. यव्होन दचकून ‘‘कळ आली का गं?’’ म्हणाली. सुगंधा हसत होती. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांनी, दातांनी, पोटाने. सोफ्याच्या स्प्रिंगा तिच्याबरोबर कुईकुई करत होत्या.

‘‘चहाच्या पाण्यात!’’ ती म्हणाली. ‘‘म्हणजे काकू, विकतचं चालतं?’’

‘‘चालतं म्हणजे? पवईपर्यंत चालतं!’’ यव्होन म्हणाली.

सुगंधाने डोळे पुसले. थोडा वेळ आपल्या पोटाकडे बघितलं, तिथे कुणीतरी ओळखीचं आत्ताच आल्यासारखं. ‘‘दुकानं किती वाजता बंद होतात?’’ तिने विचारलं.

तिघींना उठवायला काकूंनी वॉचमनला वर बोलावलं. मग त्याच संध्याकाळी चार बायका दोन रिक्षा करून स्टेशनजवळच्या बाजारात गेल्या. दुकानदाराने तीन पोटं बघितली आणि आधी स्टुलं काढली, मग माल.

‘‘मुलगा की मुलगी?’’ त्याने विचारलं.

‘‘अजून पॅकबंद आहे, भाऊ,’’ यव्होन म्हणाली. ‘‘दोन्हीला चालेल असं दाखवा.’’

नऊ महिने दाबून ठेवलेली खरेदी होती ती, मागच्या वेळी दुकानात परत गेलेली धरून. सुगंधाने हिरवं झबलं घेतलं, बदकांचं घेतलं, ठिपक्यांचं घेतलं. टोपडी, कुंच्या, दुपटी. दुकानदार शिडीवरून खाली उतरायचा आणि पुन्हा चढायचा. काकू प्रत्येक कापड गालाला लावून बघत होत्या आणि नाक मुरडत होत्या. ‘‘नव्या कापडाला खळ असते, ती बाळाला टोचते. सगळं माझ्याकडे द्यायचं. उकळून देते. हात बसलाय माझा.’’ अबोलीला तिथेच, स्टुलावर बसून, त्या रीतीचं मूळ कळलं. आणि रीत सोडून नुसती खळ काढली असती तर किती बायकांची कितीतरी बोलणी वाचली असती, तेही.

निघताना काकूंनी तिघींना बजावलं. ‘‘पवईच्या झबल्याची गोष्ट बाहेर फुटता कामा नये हं. अजून चौथ्या मजल्यावरचीचा नंबर आहे.’’

सुगंधाच्या नवऱ्याने, जयवंतने, दार उघडलं. पिशव्यांकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि एक शब्द न बोलता आत जाऊन कपाटातला स्वतःचा खण रिकामा करायला घेतला.

पुढच्याच आठवड्यात सुगंधा बाळंत झाली. मुलगी. भरपूर केसांची, भरपूर आवाजाची. बातमी आली तेव्हा शुभाताई पवईचं झबलं खिडकीत उन्हाला लावत होत्या. ‘‘सुटली बिचारी,’’ त्या म्हणाल्या, आणि खरंच मनापासून म्हणाल्या. ‘‘आता तुझा नंबर. हे बघ, कसं मऊ झालंय.’’

‘‘आई, ते काकूंना परत द्या,’’ अबोली म्हणाली. ‘‘मी आपल्या बाळाला सुगंधाच्या मुलीचं झबलं घालणार आहे.’’

शुभाताईंचा हात हवेतच राहिला. ‘‘तिचं? अगं, पवईचं घरात असताना? तिची आधीची दोन... मी काही बोलत नाही. पण लोक काय म्हणतील?’’

‘‘लोक म्हणतील, शिडी सापडत नाही.’’

अबोलीच्या तोंडून ते निघून गेलं. शुभाताई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. झबल्याचे बंद एकदा बांधले, एकदा सोडले.

‘‘कुंदाने सांगितलं?’’

‘‘हो.’’

‘‘शिडी दाराच्या मागेच होती,’’ शुभाताई म्हणाल्या. ‘‘अनयला तेव्हा सारखा ताप यायचा. मी घाबरले. वाटलं, ह्याचा कपडा तिकडे गेला आणि ह्यालाच काही झालं तर? ताप काय, टॉन्सिल्सचा होता. पण तेव्हा कुठे कळतं.’’ मग झबल्याची घडी घालत, ‘‘अनयचं झबलं दिलं असतं, तर तिचा पोरगा पवईला कसला जातोय! सोफ्यावर पडून क्रिकेट बघत बसला असता.’’

आणि सासूसुना त्या दिवशी पहिल्यांदा एकाच माणसावर एकत्र हसल्या. सासर टिकायला याहून भक्कम पाया नाही.

दुपारी शुभाताईंनी अळिवाचे लाडू केले. एक डबा सुगंधाचा. दुसरा त्या स्वतः घेऊन कुंदाकाकूंच्या दारात गेल्या. काय बोलणं झालं ते अबोलीला कळलं नाही; शेवटचं वाक्य तेवढं जिन्यात ऐकू आलं. ‘‘आणि डबा परत करायचा नाही, कुंदा.’’

संध्याकाळी अबोली आणि यव्होन प्रसूतिगृहात पोहोचल्या. सुगंधा उशीला टेकून बसली होती आणि मांडीवर ते केसाळ गाठोडं. बाळाच्या अंगात हिरवं झबलं होतं. पाच वेळा उकळून पोपटीचं शेवाळी झालेलं.

‘‘सुगंधा,’’ अबोली म्हणाली, ‘‘माझ्या बाळाला पहिलं झबलं हवंय. हिचं देशील?’’

सुगंधाला आधी कळलंच नाही. ‘‘माझं?’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या मुलीचं? तू मागतेयस?’’

‘‘आणि मलाही,’’ यव्होन म्हणाली. ‘‘आमच्यात असलं काही नसतं, पण ही देतेय तर मी का सोडू? गाऊनच्या आतून घालीन. फादरला काय दिसतंय.’’

सुगंधा मुलीकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने दुपट्ट्याच्या टोकाने टिपलं. आणि टोक खाली येईपर्यंत चेहरा बदललेला होता. पाठ ताठ झाली, हनुवटी वर गेली. ज्या बाईकडे दहा घरची माणसं नंबर लावतात, तिची अशी हनुवटी असते.

‘‘बदकांचं नाही मिळणार,’’ ती म्हणाली. ‘‘ते तिला आवडतं.’’

‘‘एका दिवसाच्या पोरीला?’’

‘‘त्यात रडली नाही ती. ठिपक्यांचं यव्होनला. अबोली, तू हे हिरवं ने. पण आज नाही. उसनं झबलं जुनं लागतं, आणि हे अजून कालचंच आहे. निदान दोन दिवस अंगावर वापरू दे तिला.’’

‘‘दोन दिवस?’’ अबोलीने कमरेवर हात ठेवला. सकाळपासून पाठीत काहीतरी ओढत होतं, ते तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. ‘‘मला काय सांगतेस? ह्याला सांग.’’

सुगंधा मुलीला सावरत पुढे वाकली आणि अबोलीच्या पोटाला दटावून म्हणाली, ‘‘ऐकलंस ना रे? दोन दिवस.’’